घातक पॅकेज काढलं तरी परत येतंय? एनपीएम आणि पिपसाठी समस्या निवारण

एनपीएम (जावास्क्रिप्टसाठी) आणि पिप (पायथनसाठी) ही दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, म्हणजे पॅकेज, आपल्या प्रोजेक्टमध्ये आणणारी साधनं. त्यांतून घातक पॅकेज आलं की लक्षण असं असतं. ऑडिटमध्ये किंवा अँटिव्हायरसमध्ये एखादं पॅकेज घातक म्हणून दिसतं. उतरवलेली पॅकेजं जिथे बसतात ते ‘नोड_मॉड्यूल्स’ फोल्डर डिलीट करून पुन्हा इन्स्टॉल केलं जातं, एक-दोन दिवस बरे जातात आणि तेच पॅकेज, तीच आवृत्ती परत हजर. कॉलेजच्या लॅबमध्ये तर सकाळी साफ केलेल्या मशीनवर दुपारच्या बॅचला पहिले पाढे पंचावन्न.

मराठवाड्यातल्या लॅबमध्ये आणि आडत, जिनिंग, कृषी सेवा केंद्रांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर करणाऱ्या छोट्या ऑफिसांत हे जास्त होतं, त्याला कारण आहे. इंटरनेट बेभरवशाचं, म्हणून पॅकेजं एकदा उतरवून साठवली जातात. मशीन पुष्कळ आणि हात कमी, म्हणून एका मशीनची इमेज सगळ्यांवर टाकली जाते. प्रोजेक्ट पेनड्राइव्हवरून फिरतो. या तिन्ही सोयी गरजेच्याच आहेत, पण घातक पॅकेज त्यांच्यातच सुरक्षित राहतं. काळ्या रानातला कुंदा वरवर कापला की पुन्हा फुटतो, कारण गड्डा जमिनीत असतो. इथेही ‘नोड_मॉड्यूल्स’ हा फक्त वरचा पाला आहे.

खालच्या सगळ्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

आधी हे ठरवा: कोड चालला की नुसता उतरला?

यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, आणि नेमका हाच प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत.

एनपीएम पॅकेज इन्स्टॉल होताना त्याच्या ‘प्रीइन्स्टॉल’, ‘इन्स्टॉल’ आणि ‘पोस्टइन्स्टॉल’ स्क्रिप्ट आपोआप चालतात. प्रोजेक्ट सुरू करायचीही गरज नसते. म्हणजे साधं ‘एनपीएम इन्स्टॉल’ केलं असेल आणि पॅकेजमध्ये अशी स्क्रिप्ट असेल, तर कोड चालला असंच धरा. पॅकेज नंतर काढलं म्हणून चोरीला गेलेलं टोकन (खात्यात शिरायची गुप्त किल्ली) परत येत नाही.

उलट बाजूही आहे. 8 सप्टेंबर 2025 रोजी चॉक, डीबग आणि आणखी सोळा पॅकेजांमध्ये घातक कोड घातला गेला. देखभाल करणाऱ्याला खोटा ईमेल पाठवून त्याचं खातं ताब्यात घेतलं होतं. त्या कोडमध्ये इन्स्टॉल स्क्रिप्ट नव्हतीच. तो ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये चालायचा आणि क्रिप्टो व्यवहारातला वॉलेटचा पत्ता बदलायचा. अशा वेळी डेव्हलपरच्या मशीनपेक्षा सर्व्हरवर चढवलेली बिल्ड (प्रोजेक्टची चालवायला तयार प्रत) जास्त धोक्याची. मशीन साफ केलं पण सर्व्हरवर जुनीच बिल्ड ठेवली, तर काहीच साफ केलं नाही असं समजा.

पायथनमध्ये सोर्स पॅकेज इन्स्टॉल होताना ‘सेटअप.पीवाय’ चालते. व्हील फाइल (आधीच तयार करून ठेवलेलं पॅकेज) इन्स्टॉल होताना कोड चालत नाही, पण त्यातून ‘.पीटीएच’ फाइल साइट-पॅकेजेसमध्ये बसू शकते आणि ती पुढच्या वेळी पायथन सुरू झाला की चालते. त्याचं सविस्तर पुढे.

मशीनला हात लावायचा क्रम

पॅकेज घातक असल्याचं नक्की झालं, तर पहिलं काम मशीन बंद करणं. लॅपटॉप असेल तर पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. टोकन रद्द करणं त्यानंतर, आणि तेही दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून.

हा क्रम उगाच सांगितलेला नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये शाई-हुलुद या एनपीएम किड्याची (स्वतःहून पसरणाऱ्या घातक कोडची) दुसरी लाट आली. ‘प्रीइन्स्टॉल’मध्ये चालणारा तो कोड गिटहब, एनपीएम आणि क्लाउडच्या की शोधायचा, त्या वापरून पीडिताचीच इतर पॅकेजं बाधित करून प्रसिद्ध करायचा, आणि गिटहब व एनपीएम दोन्हीकडचा रस्ता बंद झाला की वापरकर्त्याचं होम फोल्डर नष्ट करायचा प्रयत्न करायचा. असा कोड चालू असताना टोकन रद्द केलं किंवा केबल काढली, तर विद्यार्थ्याचा वर्षभराचा प्रोजेक्ट जाऊ शकतो.

मशीन बंद झाल्यावर उबंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून ते सुरू करा आणि फक्त सोर्स कोड बाहेर काढा. ‘नोड_मॉड्यूल्स’, पायथनचं ‘व्हेन्व्ह’, ‘डिस्ट’ आणि ‘बिल्ड’ फोल्डर अजिबात घेऊ नका. की आणि पासवर्ड ठेवलेली ‘.एन्व्ह’ फाइल फक्त वाचून त्यात कोणकोणत्या की होत्या ते कागदावर लिहून घ्या. ती यादी लागणार आहे.

परत येतंय कुठून?

खालच्या जागा एकेक तपासा. एकाच मशीनवर दोन-तीन कारणं एकत्र असणं अगदी सामान्य आहे, म्हणून पहिलं सापडलं की थांबू नका.

*लॉक फाइल.* ‘पॅकेज-लॉक.जेसन’मध्ये प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती, ते कुठून उतरवायचं तो पत्ता आणि त्याचा एसएचए-512 हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) लिहिलेला असतो. बाधित आवृत्ती एकदा इथे नोंदली गेली, की ‘नोड_मॉड्यूल्स’ शंभर वेळा डिलीट केलं तरी तीच आवृत्ती उतरते. लॉक फाइलचं कामच ते आहे. फाइल एडिटरमध्ये उघडून पॅकेजचं नाव शोधा. मग ‘एनपीएम एक्सप्लेन’ आणि पुढे पॅकेजचं नाव अशी आज्ञा द्या, म्हणजे ते कोणत्या पॅकेजच्या मागून आलं ती साखळी दिसेल. घातक पॅकेज बहुधा आपण स्वतः मागवलेलं नसतं. 2018 मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या लोकप्रिय पॅकेजच्या 3.3.6 आवृत्तीतून फ्लॅटमॅप-स्ट्रीम नावाचं पॅकेज आत आलं आणि त्यातला कोड बिटकॉइन वॉलेटच्या एका ॲपवर नेम धरून बसला होता. ज्यांच्या प्रोजेक्टमध्ये ते गेलं, त्यांनी फ्लॅटमॅप-स्ट्रीम हे नाव कधी टाइपही केलं नव्हतं.

इथे एक फार पसरलेला सल्ला टाळा: ‘लॉक फाइल डिलीट कर आणि परत इन्स्टॉल कर.’ त्याने ते एक पॅकेज जाईल, पण शेकडो इतर पॅकेजांच्या आज सकाळच्या ताज्या आवृत्त्या न तपासता आत येतील. हल्ल्याच्या दिवसांत तर हे फारच महागात पडतं. बरोबर रस्ता असा: गिट असेल तर बाधित आवृत्ती येण्याआधीच्या कमिटमधून ‘पॅकेज.जेसन’ आणि ‘पॅकेज-लॉक.जेसन’ या दोन्ही फाइली परत आणा. दोन्ही एकत्रच, नाहीतर ‘एनपीएम सीआय’ (फक्त लॉक फाइलप्रमाणे इन्स्टॉल करणारी आज्ञा) दोन्ही जुळत नाहीत म्हणून अडून बसेल. गिट नसेल आणि लॉक फाइल नव्यानेच करायची वेळ आली, तर ‘एनपीएम इन्स्टॉल --इग्नोर-स्क्रिप्ट्स --बिफोर’ देऊन पुढे हल्ल्याच्या आधीची तारीख लिहा. त्या तारखेनंतर प्रसिद्ध झालेली कोणतीही आवृत्ती मग घेतली जात नाही.

मधल्या पॅकेजने अजून दुरुस्त आवृत्ती मागवायला सुरुवात केली नसेल, तर ‘पॅकेज.जेसन’मध्ये ‘ओव्हरराइड्स’ या भागात त्या पॅकेजची चांगली आवृत्ती नेमून द्या. एनपीएमऐवजी यार्न वापरत असाल, तर त्यात याच कामासाठी ‘रिझोल्युशन्स’ आहे.

*एनपीएमची कॅश.* कॅश म्हणजे एकदा उतरलेल्या पॅकेजांचा मशीनवरचा साठा. रजिस्ट्रीवरून (पॅकेजांच्या ऑनलाइन भांडारावरून) पॅकेज काढून टाकलंय, तरी आपल्या मशीनवर इन्स्टॉल कसं होतं, हा प्रश्न इथे सुटतो. लॉक फाइलमधला हॅश कॅशमधल्या फाइलशी जुळला, की एनपीएम रजिस्ट्रीकडे न जाता तीच फाइल वापरतो. लाइट गेल्यावर राउटर बंद असतानाही इन्स्टॉल होतं ते याच सोयीमुळे. ‘एनपीएम कॅश क्लीन --फोर्स’ चालवा. विंडोजवर ही कॅश वापरकर्त्याच्या लोकल ॲपडेटामधल्या ‘एनपीएम-कॅश’ फोल्डरमध्ये असते, लिनक्सवर होममधल्या ‘.एनपीएम’मध्ये. लॅबमध्ये एका मशीनवर चार विद्यार्थ्यांची चार लॉगिन असतील, तर चार कॅश असतात. प्रत्येक लॉगिनमधून साफ करा.

*लॅबचा स्थानिक आरसा.* आरसा म्हणजे रजिस्ट्रीची आपल्याच नेटवर्कवरची नक्कल. पुष्कळ ठिकाणी त्यासाठी व्हर्डाशियो हे सॉफ्टवेअर बसवून सगळ्या लॅबला तिथूनच पॅकेजं दिली जातात. ‘.एनपीएमआरसी’मध्ये रजिस्ट्रीचा पत्ता 4873 पोर्टचा दिसला, तर तुमच्याकडेही तेच आहे. मूळ रजिस्ट्रीवरून घातक आवृत्ती गेली तरी व्हर्डाशियोच्या ‘स्टोरेज’ फोल्डरमध्ये उतरलेली फाइल आपोआप जात नाही. सर्व्हिस थांबवा, स्टोरेजमधलं त्या पॅकेजच्या नावाचं पूर्ण फोल्डर काढा, सर्व्हिस सुरू करा. पुढच्या मागणीला ते मूळ रजिस्ट्रीवरून नव्याने येईल.

*डीप फ्रीझ आणि क्लोनची इमेज.* डीप फ्रीझ हे सॉफ्टवेअर प्रत्येक रीस्टार्टला मशीन गोठवलेल्या स्थितीत परत नेतं. रोज साफ केलं तरी रीस्टार्टनंतर परत येणं, याचं हे जवळपास पक्कं कारण. मशीन गोठवताना पॅकेज आत होतं, म्हणून प्रत्येक रीस्टार्टला ते निष्ठेने परत आणलं जातं. मशीन ‘थॉड’ स्थितीत सुरू करा, साफ करा, मग पुन्हा गोठवा. क्लोनझिलाची मास्टर इमेज असेल तर ती नव्याने बनवा, आणि जुनी इमेज हार्ड डिस्कवर ‘असू दे’ म्हणून ठेवू नका. पुढच्या सत्रात कोणीतरी तीच वापरेल. आणि एक गैरसमज इथेच दूर करायला हवा: डीप फ्रीझ आहे म्हणजे आपण सुरक्षित, असं नाही. कोड चालायला काही सेकंद पुरतात, आणि तेवढ्यात बाहेर गेलेला पासवर्ड रीस्टार्टने आत येत नाही.

*पेनड्राइव्ह.* डाउनलोडचा वेळ वाचवायला ‘नोड_मॉड्यूल्स’सकट पूर्ण प्रोजेक्ट मित्राला दिला जातो. हे बंदच करा. प्रोजेक्ट देताना फक्त सोर्स आणि लॉक फाइल द्यायची, आणि घेणाऱ्याने ‘एनपीएम सीआय’ चालवायचं. डेटा वाचवायचा असेल तर वर सांगितलेला स्थानिक आरसा हाच चांगला उपाय.

*डॉकर आणि गिटहब ॲक्शन्स.* डॉकर इमेज बनताना जुना थर पुन्हा वापरला जातो, म्हणून ‘डॉकर बिल्ड --नो-कॅश --पुल’ द्या. त्याहून जास्त वेळा चूक असते ती ‘.डॉकरइग्नोर’ नसण्याची: ‘कॉपी’ची ओळ तुमच्या मशीनवरचं बाधित ‘नोड_मॉड्यूल्स’ उचलून थेट इमेजमध्ये टाकते. गिटहबवर रिपॉझिटरीच्या ॲक्शन्स टॅबमध्ये कॅशेसची यादी असते, तिथल्या जुन्या कॅश डिलीट करा.

पायथन वापरणाऱ्यांसाठी

इथे दोष बहुतेक वेळा ‘रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी’मध्ये असतो. एकाने ‘पिप फ्रीझ’ करून यादी बनवली, त्यात त्याच्या मशीनवरचं सगळं आलं, घातक पॅकेजही आलं, आणि ती यादी पूर्ण बॅचकडे गेली. यादीतलं प्रत्येक नाव वाचा आणि अधिकृत कागदपत्रांतल्या नावाशी ताडून पाहा. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. डिसेंबर 2019 मध्ये पायपीआयवर (पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक रजिस्ट्रीवर) जेलीफिश या पॅकेजची एक नक्कल सापडली होती. तिच्या नावात पहिल्या ‘एल’च्या जागी मोठा ‘आय’ होता. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. ती एसएसएच आणि जीपीजीच्या की चोरत होती. फॉन्ट बदलून, शक्यतो कोडिंगसाठी असलेल्या फॉन्टमध्ये, नाव पाहा.

एआय सहायकाने सुचवलेली नावंही याच चाळणीतून गेली पाहिजेत. ही साधनं कधीकधी अस्तित्वातच नसलेलं, पण खरं वाटेल असं नाव देतात. ते नाव कोणीतरी आधीच रजिस्ट्रीवर नोंदवून ठेवलेलं असू शकतं. पॅकेजच्या पानावर पहिली आवृत्ती कधी आली, सोर्सची रिपॉझिटरी जोडलेली आहे का आणि ती खरंच त्याच पॅकेजची आहे का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय इन्स्टॉल करू नका.

‘पिप अनइन्स्टॉल’वर समाधान मानू नका. पॅकेजने स्वतःच्या नोंदीत लिहिलेल्या फाइलीच ते काढतं. चालल्यानंतर कोडने बाहेर टाकलेल्या फाइली तशाच राहतात. साइट-पॅकेजेस फोल्डरमधल्या सगळ्या ‘.पीटीएच’ फाइली उघडा. त्यात ‘इम्पोर्ट’ने सुरू होणारी ओळ असेल तर ती पायथन सुरू होताना दरवेळी चालते. सेटअपटूल्सची ‘डिस्टयुटिल्स-प्रेसिडन्स’ अशी एक फाइल असते, ती खरी आहे. अनोळखी नावाची, एन्कोड केलेल्या लांबलचक मजकुराची फाइल दिसली तर तोच गड्डा. ‘साइटकस्टमाइझ.पीवाय’ आणि ‘युजरकस्टमाइझ.पीवाय’ याही पाहा. मग ‘पिप कॅश पर्ज’ करा, व्हेन्व्ह पूर्ण डिलीट करून नवा बनवा. ग्लोबल पायथनमध्येच इन्स्टॉल केलं असेल, तर पायथन काढून, उरलेलं फोल्डर हाताने डिलीट करून नव्याने बसवणं कमी वेळात होतं.

ऑफिसचा स्वतःचा खाजगी इंडेक्स (पॅकेजांचं भांडार) असेल तर ‘--एक्स्ट्रा-इंडेक्स-युआरएल’ वापरू नका. पिप दोन्ही ठिकाणी शोधतो आणि जास्त क्रमांकाची आवृत्ती उचलतो, मग ती कुठलीही असो. डिसेंबर 2022 मध्ये पायटॉर्चच्या नाइटली (रोज निघणाऱ्या चाचणी) आवृत्त्यांना याच रस्त्याने फटका बसला: टॉर्चट्रायटन या त्यांच्या अंतर्गत पॅकेजच्या नावाचं पॅकेज कोणीतरी पायपीआयवर टाकलं, आणि 25 ते 30 डिसेंबरदरम्यान लिनक्सवर पिपने नाइटली घेणाऱ्यांकडे तेच उतरलं. फक्त ‘--इंडेक्स-युआरएल’ ठेवा आणि सार्वजनिक पॅकेजंही त्याच इंडेक्समार्फत आणा.

पॅकेज गेलं, त्याने मागे ठेवलेलं

ऑगस्ट 2025 मध्ये एनएक्स या एनपीएम पॅकेजच्या बाधित आवृत्त्यांनी ‘.बॅशआरसी’ आणि ‘.झेडएसएचआरसी’ या टर्मिनल उघडताना चालणाऱ्या फाइलींमध्ये मशीन बंद करणारी एक ओळ घातली होती. पॅकेज काढल्यावरही टर्मिनल उघडलं की मशीन बंद व्हायचं किंवा पासवर्ड मागायचं. असं दिसलं तर यूपीएस किंवा पॉवर सप्लायला दोष देण्याआधी या दोन फाइली वाचा.

लिनक्सवर ‘क्रॉनटॅब -एल’ आणि वापरकर्त्याच्या सिस्टमडी सर्व्हिसेस पाहा. विंडोजवर टास्क शेड्यूलर, स्टार्टअप फोल्डर आणि विंडोजच्या रजिस्ट्रीतल्या ‘रन’ नोंदी. प्रोजेक्टच्या आत ‘.गिट’मधलं ‘हुक्स’ फोल्डर, ‘.व्हीएसकोड’मधली ‘टास्क्स.जेसन’ (फोल्डर उघडताच चालणारं काम तिथे नोंदवता येतं) आणि ‘.गिटहब’मधली वर्कफ्लो फोल्डरं. आपण न लिहिलेली वर्कफ्लो फाइल दिसली, तर चोरी फक्त मशीनवर थांबलेली नाही, ती रिपॉझिटरीपर्यंत गेली आहे.

इतकं तपासूनही मनात शंका असेल, तर फॉरमॅट करा.

की आणि पासवर्ड बदलणं

मघाशी कागदावर केलेली यादी आता घ्या. गिटहबपासून सुरू करा: पर्सनल ॲक्सेस टोकन, एसएसएच की, डिप्लॉय की, जोडलेली ॲप्स. नव्या, अनोळखी सार्वजनिक रिपॉझिटरी बनल्यात का ते बघा. शाई-हुलुदने चोरलेली गुपितं पीडिताच्याच खात्यावर उघडी टाकली होती. त्यानंतर एनपीएम किंवा पायपीआयचं टोकन, क्लाउडच्या की, डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंट गेटवे. एसएमएस गेटवेची की लोक विसरतात, आणि आडतीच्या सॉफ्टवेअरमध्ये तीच धोक्याची: त्या की-वर तुमच्या नोंदणीकृत नावाने शेतकऱ्यांना खोटे पट्टीचे किंवा पेमेंटचे मेसेज जाऊ शकतात. की नुसती नवी बनवून भागत नाही, जुनी रद्द झाली का हे तपासा. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही गेले असं धरून सगळीकडून लॉगआउट करा.

खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. कंपनी किंवा संस्था म्हणून काम करत असाल, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत त्या संस्थेला कळवावी लागते.

पुन्हा येऊ नये म्हणून बदलायच्या सेटिंग

‘एनपीएम कॉन्फिग सेट इग्नोर-स्क्रिप्ट्स ट्रू’ करा. यानंतर बीक्रिप्ट, एसक्यूलाइट3, पपेटिअर, इलेक्ट्रॉन यांसारखी काही पॅकेजं अडखळतील, कारण त्यांना स्क्रिप्टची खरी गरज असते. त्यांच्यापुरतं ‘एनपीएम रीबिल्ड बीक्रिप्ट --इग्नोर-स्क्रिप्ट्स=फॉल्स’ असं नाव घेऊन चालवा. एकासाठी सगळ्यांचं दार उघडू नका. एनपीएमला पर्याय असलेल्या पीएनपीएमच्या 10 व्या आवृत्तीपासून अवलंबित पॅकेजांच्या स्क्रिप्ट मुळातच बंद असतात. नवीन प्रोजेक्टसाठी तोच घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे.

त्याच पीएनपीएममध्ये 10.16 पासून ‘मिनिममरिलीजएज’ ही सेटिंग आहे. आकडा मिनिटांत लिहायचा: 3 दिवसांसाठी 4320, आठवड्यासाठी 10080. तेवढी जुनी झाल्याशिवाय कोणतीही आवृत्ती घेतली जात नाही. अलीकडच्या मोठ्या हल्ल्यांतल्या बाधित आवृत्त्या काही तासांत पकडल्या जाऊन हटवल्या गेल्या होत्या, त्यामुळे ही एक ओळ फार मोठं संरक्षण देते. पायथनमध्ये पिपऐवजी यूव्ही हे साधन वापरत असाल तर ‘--एक्सक्लूड-न्यूअर’ हेच काम तारखेने करतं. पिपवरच राहायचं असेल तर हॅशसकट यादी बनवून ‘--रिक्वायर-हॅशेस’ लावा, आणि ‘--ओन्ली-बायनरी :ऑल:’ दिलं की ‘सेटअप.पीवाय’ चालायचा प्रश्न उरत नाही.

लॅबच्या सूचना फलकावर आणि ऑफिसच्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ लिहा. ‘एनपीएम ऑडिट’ जरूर चालवा, पण ते फक्त नोंद झालेल्या गोष्टी सांगतं. पहिल्या काही तासांत ते स्वच्छच दाखवतं. लॉक फाइलवर ओएसव्ही-स्कॅनर (नोंद झालेले दोष शोधणारं साधन) चालवला तर ‘एमएएल’ने सुरू होणारे क्रमांक घातक पॅकेजांचे असतात. ते दिसले तर आवृत्ती वाढवून भागत नाही, या पानाच्या सुरुवातीच्या प्रश्नापासून पुन्हा यावं लागतं.

तपासणीत कधी ‘0.0.1-सिक्युरिटी’ अशी आवृत्ती दिसली तर घाबरू नका. एनपीएमने घातक पॅकेज हटवून त्या नावावर ठेवलेली ती रिकामी पाटी आहे, तिच्यात कोड नसतो. पण आपल्या ‘पॅकेज.जेसन’मध्ये ते नाव आलं कसं, हे शोधा, कारण त्या आधीची आवृत्ती कोणत्या ना कोणत्या मशीनवर चाललेली असू शकते.

आणि अजून कोणी न कळवलेलं पॅकेज तुम्हालाच सापडलं, तर एनपीएम आणि पायपीआय दोन्हीकडे पॅकेजच्या पानावरच मालवेअर कळवायचा दुवा असतो. पॅकेजचं नाव, नेमकी आवृत्ती, फाइलचं नाव आणि संशयास्पद ओळी एवढं लिहा. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं.